सीएसएमटीची वारसा फेरी: जाण्याआधी हे वाचा

व्हीटीला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला (सीएसएमटी), आपण गाडी पकडायला जातो. घाईतल्या माणसाची नजर इंडिकेटरच्या वर जात नाही, आणि या इमारतीत बघण्यासारखं जवळपास सगळं इंडिकेटरच्या वरच आहे. मध्य रेल्वेची वारसा फेरी त्यासाठीच करायची. वर कुठे बघायचं, हे सांगणारा माणूस सोबत असतो.

आधी वेळेचं. फेरी कामाच्या दिवशी, म्हणजे सोमवार ते शुक्रवार, दुपारी ३ ते ५ या वेळात असते. शनिवार-रविवार धरून बेत आखू नका. वेळ आणि तिकिटाचा दर निघण्यापूर्वी एकदा विचारून घ्या. ही इमारत आजही मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे, त्यामुळे ओळखपत्र खिशात असू द्या आणि आत कुठे फोटो चालतो ते मार्गदर्शकाला आधीच विचारा. प्रवेश घुमटाच्या बाजूने आहे. लोकलने आलात तर प्लॅटफॉर्मवरून बाहेर रस्त्यावर येऊन वळसा घ्यावा लागतो. स्टेशनच्या पुनर्विकासाचं काम सुरू असल्याने दहा-पंधरा मिनिटं हातात ठेवलेली बरी.

फाटकाच्या दोन खांबांवर सिंह आणि वाघ बसलेत. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. इथे बहुतेक जण सेल्फी काढून पुढे सरकतात. थोडं थांबा आणि दर्शनी भिंतीवरचे गोल कोनाड्यांतले चेहरे बघा. त्यात नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय आहेत. रेल्वे मुंबईत आणण्यासाठी धडपडलेली ही माणसं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तिच्यामागे यांचे प्रयत्न होते. शंकरशेटांच्या चेहऱ्याखालून रोज जाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल, कोण जाणे. घड्याळाखालचा मोठा कोनाडा रिकामा आहे. तिथे राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता, स्वातंत्र्यानंतर तो काढला.

आतला जिना हा फेरीचा गाभा. दगडी पायऱ्या एका बाजूने भिंतीत रुतवलेल्या, दुसऱ्या बाजूला खाली काहीच आधार नाही, तरी सव्वाशेहून जास्त वर्षं लोक त्यावरून चढताहेत. मधोमध उभं राहून मान वर केली की अष्टकोनी घुमट पोटातून दिसतो, रंगीत काचांतून उजेड झिरपत असतो. घुमटाच्या फासळ्या एकमेकींत खाचांनी अडकवलेल्या आहेत आणि तो खालून लाकडी साचा न लावता बांधला. कारागिरांनी हे कसं जमवलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. इमारतीचा वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचं नाव सगळे घेतात, पण आतल्या कोरीव कामाला जे. जे. कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचेही हात लागलेत. खांबांच्या माथ्यावरची पानं आणि पाखरं जवळून बघा.

संग्रहालयातली जुनी छायाचित्रं, नकाशे, रेल्वेच्या वस्तू रेल्वेप्रेमींना अडकवून ठेवतील. इतरांनी तिथे फार वेळ घालवून जिन्याचा वेळ कमी करू नये, असं माझं मत.

पैसे न देता बघायचं असेल तर उपनगरी तिकीटघर गाठा, म्हणजे स्टार चेंबर. इटालियन संगमरवर, टोकदार कमानी आणि छतावर सोनेरी तारे. खाली पासाची रांग आणि एटीव्हीएम, म्हणजे तिकिटाची यंत्रं. गर्दीच्या वेळी मधोमध थांबलात तर धक्के खाल, भिंतीलगत उभे राहा.

दर्शनी भाग पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी तो सावलीत असतो. फोटो फेरी संपल्यावरच काढा. भुयारी मार्गाने रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीकडे जा. तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ साली पूर्ण झालेली. तिथून उतरत्या उन्हात घुमटावरची 'प्रगती'ची मूर्ती दिसते, उजव्या हातात मशाल, डाव्या हातात चाक. दुर्बीण असेल तर जरूर न्या, कारण नुसत्या डोळ्यांनी चाकाचे आरे दिसणार नाहीत.

पाचनंतर सगळी कचेरी याच स्टेशनात उतरते. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर परतीच्या लोकलची घाई करू नका, नाहीतर इथूनच सुटणारी धीमी गाडी धरा. पुढची सुटली तरी तिच्या मागची मिळते, आणि बसायला जागा मिळण्याची शक्यताही इथेच सगळ्यात जास्त.