आमच्या बालवाडीचं संमेलन

संमेलन म्हटलं की आमच्या महिला मंडळातल्या निम्म्या जणींना आधी मंडपाचं बिल आठवतं. मी खजिनदार, तेव्हा मला तर आठवतंच. दीपप्रज्वलन, अहवाल, नारळ-शाल, पाहुण्यांची ओळख हे दरवर्षी असतं तसंच असतं. नाच-गाण्यांचंही तेच; सांगलीत त्याची काळजी करावी लागत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे नाटक उभं केलं, तेव्हापासून गावातलं पोर पाय फुटले की आधी विंगेकडे पळतं, असं आमच्या मोठ्या बाई म्हणायच्या.

मोठ्या बाई म्हणजे ज्यांनी गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत, ही बालवाडी सुरू केली त्या. पालघरकडच्या कोसबाडला शिकून आलेल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, पोरं गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात नेली, हे बाईंनी इतक्यांदा सांगितलंय की आम्हाला न बघता कोसबाड पाठ आहे. विकतची खेळणी नाहीत; बिया, पानं, खडे, शंख-शिंपले हेच साहित्य. बाईंनी ते इथे आणलं आणि वर आपला एक नियम लावला : पडलेलं आपलं, झाडावरचं झाडाचं.

हा नियम चार वर्षांच्या पोरांना जितका पटकन कळतो तितका मोठ्यांना कळत नाही. संमेलन फेब्रुवारीत असतं. त्याआधी पंधरा दिवस मुलं गोळा करत असतात : करंजाच्या वाळक्या शेंगा, पिंपळाची जाळी झालेली पानं, हरिपूर रस्त्याच्या चिंचांखालचे चिंचोके, पांगाऱ्याची लालभडक फुलं. बारदानावर ते सगळं खळीने चिकटवायचं, की झाला मागचा पडदा. एका वर्षी प्रमुख पाहुणे हातात भलामोठा पुष्पगुच्छ घेऊनच आले. (कुठले पाहुणे ते सांगत नाही, अजून वर्गणी देतात.) पहिल्या रांगेतल्या एका मुलीने उभं राहून विचारलं, "ही फुलं पडलेली होती का?" पाहुणे आमच्याकडे बघायला लागले, आम्ही छताकडे. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "विचारलंय, उत्तर द्या."

आमच्या नाटुकल्यांत मगरीचं सगळ्यात गाजतं. बाहेरच्यांना नवल वाटतं, पण कृष्णेच्या मगरी आमच्या पोरांना नव्या नाहीत. डिग्रज-भिलवडीकडच्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, आणि पूर ओसरताना एखादी वस्तीतही सापडते. नाटुकलं एवढंच : मगर गल्लीत येते, मोठी माणसं काठ्या घेऊन धावतात, मुलं त्यांना अडवतात, लांब उभं करतात आणि वनखात्याला फोन लावतात. मग मगर स्वतः पुढे येऊन सांगते, की मी मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते, तुम्ही काठच खणून नेलात तर मी जायचं कुठे? ह्या वाक्याला दरवर्षी मागच्या रांगेतले दोन-तीन वाळूवाले-वीटभट्टीवाले खाली मान घालून मोबाईल बघतात. मगरीचं काम मिळावं म्हणून घराघरांत रडारड होते. शेपटी बारदानाची असते आणि ती धरायला मागे आणखी दोघं लागतात, म्हणजे तिघांची सोय होते.

पण मी ज्याच्यासाठी येते ते वेगळंच. मगर गेली की होते 'शेजाऱ्याची ओळख'. प्रत्येक मुलाने आपला एक शेजारी हाताला धरून स्टेजवर आणायचा. नातेवाईक चालत नाही. त्याच्याबद्दल दोन वाक्यं बोलायची, तीही स्वतः बघितलेली. आईने पाठ करून घेतलेलं भाषण बाई लगेच ओळखायच्या आणि मुलाला प्रेमाने परत पाठवायच्या. आईचं तोंड मग आठवडाभर वाकडं.

"हे सायकलवाले चाचा. हवा फुकट भरतात, पंक्चरचे पैसे घेतात." "हे इस्त्रीवाले मामा. त्यांच्या शेगडीपाशी खेळायचं नाही." "ही समोरची आजी. तिला बेल ऐकू येत नाही, म्हणून मी खिडकीत रुमाल हलवते." ही आजी त्या दिवशी इरकल नेसून आली होती, आणि आपल्याबद्दल काय बोललं हे तिला ऐकूच आलं नाही. सगळे टाळ्या वाजवतात म्हणून तीही वाजवत राहिली.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतरचं संमेलन तर विसरणं शक्य नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर गेलं की धोका, हे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगतं. त्या वर्षी ते ५७ फुटांच्या वर गेलं. बालवाडीत गाळ, तक्ते गेले, वाजवायची पेटी गेली. संमेलन घ्यावं की नाही यावर मंडळात वाद झाला. मी घ्यावं म्हणाले, आणि ते मी आजही सांगते. फेब्रुवारी २०२० मध्ये उसन्या सतरंज्यांवर झालं ते.

ओळखीला एक छोटी पोरगी वरच्या मजल्यावरच्या काकूंना घेऊन आली. म्हणाली, "पाणी आलं तेव्हा आम्ही ह्यांच्या घरी होतो. आमची शेळी पण होती. शेळीने काकूंची चादर खाल्ली. काकू ओरडल्या नाहीत."

काकूंनी माईक ओढून घेतला. "ओरडले होते गं बाळा. तू झोपली होतीस."

सगळा मंडप हसला आणि त्याच दमात डोळे पुसायला लागला. गल्लीत जिने कुणाचे, पोहे कुणाचे, कोण कुणाच्या माळ्यावर, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. कुणी बोललं नव्हतं एवढंच. त्या दिवशी अध्यक्षांचं भाषण झालंच नाही आणि त्यांनीही आग्रह धरला नाही, हा मला त्यांचा मोठेपणा वाटतो. पुढच्या वर्षी करोनामुळे संमेलनच नव्हतं.

आता थोडं कडू. आपल्या मुलाचा नाच झाला की उठून जाणारे बाबालोक अजून सुधारलेले नाहीत. ओळखीच्या वेळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि त्या शेजारच्या आज्या बिचाऱ्या रिकाम्या खुर्च्यांपुढे उभ्या. विश्रामबागेला राहायला गेलेल्या आमच्या जुन्या सभासदांना गावभाग 'लांब पडतो'. गणपतीच्या देवळात मात्र दर संकष्टीला दिसतात. देऊळ इथेच आहे. शिवाय हल्ली 'ओळख काढून एखादा फिल्मी डान्स वाढवा' अशी सूचना दरवर्षी येते. मी ती वहीत लिहून घेते आणि पान उलटते.

राबणाऱ्यांची आठवण केल्याशिवाय थांबता येत नाही. आपली नावं छापू नका असा त्यांचाच दम आहे, म्हणून कामावरून सांगते. बाईंच्या हाताखाली तयार झालेल्या आणि आता बालवाडी चालवणाऱ्या दोघी ताई. पूर ओसरल्यावर तीन दिवस गाळ उपसणाऱ्या मावशी, त्यांचा जावई आणि जावयाचे मित्र. सतरंज्या देणारं शेजारचं तालीम मंडळ. पेटी गेली तेव्हा स्वतःची पेटी सायकलवर बांधून आणणारे भजनी मंडळाचे आजोबा. मगरीची शेपटी शिवणारे शिंपीकाका, जे मापाला मुलगा नाही, मगर पाठवा म्हणतात. दरवर्षी भडंगाचं पोतं अर्ध्या भावात देणारे आणि 'उरलं तर परत नको' म्हणणारे दुकानदार. माईकवाला दादा. त्याचा माईक कुईं करतो, पण तो पैसे घेत नाही, तेव्हा करू दे. चिंचोके निवडणाऱ्या वरच्या आळीतल्या दोघी जावा, ज्या एरवी एकमेकींशी बोलत नाहीत. नाटुकल्याला मगरींची माहिती तपासून देणारे पक्षी-प्राणी बघणारे मास्तर. भडंगाला कांदा-कोथिंबीर चिरणाऱ्या सगळ्याजणी, विशेषतः ज्या शेवटी पातेली घासायला थांबतात त्या.

जनरेटरवाले राहिलेच होते. आणि मंडपवाल्यांनी मागच्या वर्षीचं बिल अजून पाठवलेलं नाही, हीही मदतच धरते. आणखी कुणी राहिलं असेल तर रागावून घरी बसू नका, भांडायला या. सकाळी अकरापर्यंत मी बालवाडीतच असते.