हृदयातलं भोक बुजवलंय, पण दिवस राहण्याआधी एको केलात का?

लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं, आता त्रास नाही, म्हणून लग्नानंतर तो विषयच कुणी काढत नाही. पण ‘भोक होतं’ एवढ्यावर भागत नाही. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा. नसेल तर दिवस राहण्याआधीच टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या.

एएसडी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक) किंवा व्हीएसडी (खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक) वेळेवर बंद झालं असेल आणि फुप्फुसातला दाब नॉर्मल असेल, तर सहसा निभावून जातं. फॅलोज टेट्रालॉजी म्हणजे हृदयातले चार जन्मजात दोष एकत्र; त्याच्या दुरुस्तीनंतर पल्मनरी झडप (फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी असलेली) अनेकदा गळते. हृदयाचा उजवा कप्पा किती फुगलाय ते बघावं लागतं. आयझेनमेंगर (भोक बंद न झाल्याने फुप्फुसातला दाब कायमचा खूप वाढलेली अवस्था) असेल तर गर्भधारणा टाळाच, तिथे आईच्याच जिवावर बेततं.

गरोदरपणात रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. जिना चढताना धाप बहुतेकींना लागते. पण आडवं झाल्यावर दम लागून दोन-तीन उशा घ्याव्या लागत असतील, तर त्याच दिवशी दाखवा. एनालाप्रिलसारख्या रक्तदाबाच्या, हृदयाच्या गोळ्या बाळाच्या किडनीला इजा करतात, त्या डॉक्टरांकडून बदलून घ्या. १८ ते २२ आठवड्यांत पोटातल्या बाळाच्या हृदयाचा एको हवाच.

आणि सिझेरियनच करावं लागतं, हा गैरसमज. बऱ्याच जणींची एपिड्युरल (कळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) देऊन नॉर्मल प्रसूती होते. खरी कसोटी नंतरची: गर्भाशय आकसलं की त्यातलं रक्त एकदम हृदयाकडे येतं. म्हणून गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन हळूहळू सोडतात, त्याच कामाचं पण रक्तदाब चढवणारं मेथर्जिन शक्यतो टाळतात आणि पहिले २४ ते ४८ तास मॉनिटर काढत नाहीत.