सुट्टीत पोरं आपणहून अभ्यासाला कशी बसतील? तुम्ही विचारलंत म्हणून

निकाल हातात पडले की पालकांचा एकच प्रश्न सुरू होतो: "मॅडम, सुट्टीत पोरगं आपलं आपण अभ्यासाला बसावं म्हणून काय करू?" मंडईत, रंकाळ्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही विचारतात. मी हायस्कुलात गणित-विज्ञान शिकवते. उभ्या उभ्या हे नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला आठवडा अभ्यासाचं नावच काढू नका. पोरांना आजोळी जाऊ दे, आंबे खाऊ दे, फुटबॉल खेळू दे. मग एक दिवस निवांत विचारा, "रोज किती वेळ बसशील? कधी बसशील?" तो २० मिनिटं म्हणाला तर २०. त्याची ४० करायला जाऊ नका. बहुतेक घरांत इथंच बिनसतं. आई-बाबा सकाळी सातपासूनचं वेळापत्रक आखून भिंतीला चिकटवतात. ज्यानं आखलं, राबवायचं त्यानंच, त्यामुळं दिवसभर "बस रे, बस गं" चालू राहतं. हाक थांबली की पोर उठलंच म्हणून समजा. वेळ त्यानं ठरवली असेल तर मोडल्यावर त्यालाच चुटपुट लागते, आणि मला ती चुटपुट फार मोलाची वाटते.

कोल्हापुरात हे पटवायला तालमीकडं बोट दाखवलं तरी पुरे. डाव वस्ताद शिकवतात, पण पहाटे उठून जोर-बैठका पोरालाच माराव्या लागतात.

आता त्या २० मिनिटांत करायचं काय? बऱ्याच मुलांचा अभ्यास म्हणजे धडा पुन्हा पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि तेच आपल्याला आलं, असं मन धरून चालतं. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासून पाहिलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं, तर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. सुट्टीनंतर उपयोगी पडायचं असेल तर न बघता आठवून लिहायचीच रीत धरायला हवी.

माझ्या वर्गातल्या, आठवी संपवलेल्या एका मुलीची वहीच सांगते. तिनं पेशीअंगकांचा, म्हणजे पेशीच्या आतल्या भागांचा धडा एकदा वाचला, पुस्तक मिटलं आणि कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आठवेल तेवढं लिहिलं. केंद्रक, तंतुकणिका, हरितलवक भराभर आले. रिक्तिका राहून गेली. गॉल्गी संकुल आणि आंतर्द्रव्यजालिका यांच्या कामांची अदलाबदल झाली. मग पुस्तक उघडून, चुकलेलं आणि सुटलेलं तिनं त्याच पानावर लाल पेनानं लिहिलं. पान लालच लाल झालं, तेव्हा तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "अगं, तुला काय येत नाही ते आता तुला कळलंय. उद्या फक्त लाल तेवढंच बघ." चार दिवसांनी तिनं नवीन पानावर पुन्हा लिहिलं. गॉल्गी संकुल जागेवर होतं, लाल फक्त दोन ओळी. ते पान मला दाखवायला ती घरी आली. ये म्हणून मी सांगितलं नव्हतं.

मध्ये चार दिवस जाऊ दिले ते मुद्दाम. शिकलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं, मग हळूहळू, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच मांडलंय. थोडं विसरू द्यायचं आणि मग आठवायला लावायचं.

गणिताला तर तपासायला माणूसही लागत नाही. सरावसंच सोडवा, पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची आहे. उत्तर जुळलं नाही तर गाईड उघडायचं नाही. आपल्याच पायऱ्यांवरून मागं येत चूक कुठं शिरली ते शोधायचं. एका गणितावर २० मिनिटं गेली तर जाऊ देत. मोबाईल तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत.

"घरात जागा कुठाय, मॅडम?" हेही मी ऐकते आणि ते खरंच असतं. दोन खोल्यांत पाच माणसं, वर टीव्ही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली ती खेड्यांतल्या पोरांना राहून शिकता यावं म्हणून. जागेचा प्रश्न त्यांनी शिक्षणाचाच प्रश्न मानला. आज आपल्याला एवढं तरी जमावं: टीव्ही अर्धा तास बंद, किंवा पोराला एखाद्या वाचनालयात नेणं. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासून आहे.

शिरोलीच्या कारखान्यात पाळी करणारे एक वडील म्हणाले, "मला यातलं काय कळत नाही, मी काय विचारणार?" तुम्हाला धडा कळायची गरज नाही, दादा. रात्री जेवताना विचारा, "आज लाल काय निघालं?" आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. लाल जास्त निघालं म्हणून रागावू मात्र नका, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून तो पुस्तकात बघूनच लिहील. पाचवी-सहावीच्या पोरांशेजारी सुरुवातीचे काही दिवस बसावं लागतं. तिथंही पेन त्याच्याच हातात राहू द्या.