ओठ बधिर, दुखणं जागेवर

सोमवारची सकाळ, बाहेर चार पेशंट ताटकळलेले, आणि पन्नाशीच्या एक काकू खुर्चीत टेकल्या टेकल्या म्हणाल्या, "डॉक्टर, हा मागचा दात तेवढा काढूनच टाका, कटकट मिटू दे एकदाची." खालची उजवी बाजू. त्याच्या पुढची दाढ दीड वर्षापूर्वी दुसरीकडे काढलेली, आणि तिच्याही पुढच्या दाताचं रूट कॅनाल आठ महिन्यांपूर्वी केलं होतं ते मीच. म्हणजे दुखणं सरकत चाललंय आणि आम्ही पक्कड घेऊन त्याच्या मागे पळतोय.

एक्स-रे स्वच्छ, ठोकून बघितलं तर काही नाही, बर्फाला पण दात नॉर्मल. पण काढलेल्या दाढेच्या जागी हिरडीवर कापसाचं नुसतं टोक फिरवलं तर काकूंनी खुर्चीचा दांडा गच्च धरला. कापूस हो! तिथं मी चपापलो आणि पक्कड ट्रेमध्ये परत ठेवली.

मग एक टेस्ट केली जी खरं तर आठ महिन्यांपूर्वीच करायला हवी होती. खालच्या जबड्याची नस लिग्नोकेन देऊन बधिर केली, गालाकडच्या नसेला वेगळी सुई दिली, दहा मिनिटं थांबलो. अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड झालेली, हिरडीला टोचलं तर काकूंना पत्ताच नाही. विचारलं, आता दुखणं दहापैकी किती? काकू बोबड्या आवाजात म्हणाल्या, "मघाशी सात होतं, आता पण सातच धरा. ओठ माझा नाहीच असं वाटतंय, पण ठणका तिथंच आहे."

दातात कळ असती तर ती सुईने थांबायला हवी होती. नाही थांबली म्हणजे कळ वर कुठेतरी चालू आहे. चेहऱ्याच्या आणि दातांच्या नसा ट्रायजेमिनल नावाच्या एकाच मोठ्या नसेतून मेंदूच्या देठात जातात, आणि तिथल्या पेशींवर महिनोन्महिने दुखण्याचा मारा झाला, त्यात दाढ काढताना नस तुटली, की ग्लुटामेट हे रसायन सारखं सांडत राहतं. त्या पेशींवर एनएमडीए नावाची एक झडप असते, एरवी तिला मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं, माऱ्याने ते बूच उडतं आणि मग साधा स्पर्शसुद्धा कळ म्हणून वर जातो. उलट बाजूने मेंदू सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन सोडून दुखणं दाबत असतो, तो ब्रेक पण ढिला पडतो. (विजेच्या झटक्यासारखी, तोंड धुताना येणारी सेकंदभराची कळ हा वेगळा आजार, काकूंचा ठणका दिवसभराचा होता.)

काका बाहेरून आत डोकावले, "बघा, मी म्हणलं होतं हिच्या मनाचे खेळ आहेत." जरा रागच आला मला. म्हणलं, काका, मेंदूत आहे म्हणजे मनाचं नाही, तिथली केमिस्ट्री बिघडलीय, शुगर वाढते तसंच आहे हे.

दुसरं काही नको म्हणून पुण्याला एमआरआय करून आणला, तो नॉर्मल निघाला. फिजिशियनने ईसीजी बघून रात्री 10 मिलिग्रॅम अॅमिट्रिप्टिलिन सुरू केली. हीच गोळी डिप्रेशनला 75 ते 150 मिलिग्रॅमपर्यंत देतात, इथे काम वेगळं, तो ढिला ब्रेक थोडा आवळायचा. पण मेडिकलवाल्या पोराने काकूंना सांगितलं, ही डिप्रेशनची गोळी आहे, झालं! दुसऱ्या दिवशी पाकीट माझ्या टेबलावर आपटलं, "मला वेडी समजलात का?" अर्धा तास गेला समजूत काढण्यात, बूच, ब्रेक सगळं कागदावर काढून दाखवलं. आणि गंमत म्हणजे या गोळीने तोंड कोरडं पडतं, कोरड्या तोंडात दात किडतात, म्हणजे दात वाचवायला दिलेल्या गोळीसाठी परत फ्लोराइडची पेस्ट लिहून द्यायची.

पहिले दोन आठवडे नुसती झोप आणि कोरड, फरक शून्य. गोळी 25 वर नेली. तीन महिन्यांनी आल्या तेव्हा सातचं तीन झालं होतं, पूर्ण गेलं नव्हतं, थंडीत वाढतं म्हणाल्या, पण त्या बाजूने भाकरी चावता येत होती.

उठता उठता म्हणाल्या, "मग ती दाढ उगाच गेली म्हणायची?"

"बहुतेक हो, काकू."

"आणि तुम्ही केलेलं रूट कॅनाल?"

जुना एक्स-रे आदल्या रात्रीच परत काढून बघितला होता, मुळाशी काही म्हणजे काही नव्हतं. म्हणलं, ते पण.

काकूंनी पर्स काखेत मारली, "मग त्याचे पैसे?"

दिले परत.