कॉम्प्रेसरला ऑटो ड्रेन बसवताना

मागच्या ऑगस्टमध्ये निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार त्यांच्या ब्लोअरचा, म्हणजे बागेत औषध फवारायच्या यंत्राचा, सांगाडा परत घेऊन आले. तीन आठवड्यांपूर्वीच आम्ही तो रंगवून दिला होता. ते काही आवाज चढवून बोलले नाहीत. अंगठ्याचं नख पट्टीवरून फिरवलं, तसा रंगाचा पापुद्रा उठला आणि खाली गंजाचा ठिपका दिसला. "दादा, ऑक्टोबर छाटणीनंतर हा रोज बागेत फिरणार, औषधाचं पाणी अंगावर घेणार. कसा टिकायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फुकट पुन्हा रंगवून देतो म्हणालो, पण रात्री झोप लागली नाही.

अंबड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशन आणि पेंटिंगचं छोटं वर्कशॉप आहे. 5 एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर, 250 लिटरची आडवी टाकी, सहा माणसं. दुसऱ्या दिवशी गनमध्ये रंग न भरता पांढऱ्या कागदावर नुसती हवा मारून बघितली. पाच-सहा सेकंदांत कागदावर बारीक ओले ठिपके उमटले आणि त्यांच्या कडेला तेलाची पिवळसर झाक. म्हणजे इतके दिवस आम्ही रंगासोबत पाणीही मारत होतो.

टाकीचं पाणी रोज संध्याकाळी काढायचं काम आमच्या हेल्परकडे होतं. मी त्याला सगळ्यांसमोर रागावलो. तो काहीच बोलला नाही. मग मी स्वतः कॉक उघडायला गेलो. टाकीच्या पोटाखाली, भिंतीच्या अंगाला, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. खाली तेलकट फरशी, डोक्याशी तापलेला डिलिव्हरी पाइप. खांद्यावर आडवं पडल्याशिवाय हात पोचत नव्हता आणि कॉक गंजून इतका घट्ट झाला होता की पान्ह्याने फिरवावा लागला. हे काम रोज कोण करेल? मी त्या पोराची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोरच.

त्या आठवड्यात रोजचं पाणी बादलीत धरून मापलं. दिवसाला दोन ते अडीच लिटर. आधी विश्वास बसला नाही, पण हिशोब सरळ आहे. 30 अंश तापमानाची, पूर्ण दमट हवा दर घनमीटरला साधारण 30 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरून ठेवते. 7 किलो प्रेशरला तीच हवा जवळपास आठव्या हिश्शाच्या जागेत कोंबली जाते. सिलिंडरमधून निघताना ती तापलेली असते, म्हणून वाफ वाफच राहते. टाकीत येऊन निवली की मात्र जास्तीची वाफ मावत नाही, पाणी होऊन तळाला बसते. नाशिकच्या श्रावणात बाहेर झिमझिम चालू असताना कॉम्प्रेसर दिवसभर दमट हवाच ओढत असतो.

आमच्याकडे मशिनरीचं काम बघायला येणारे एक मामा आहेत. त्यांना बादली दाखवली, तर ते पाण्याकडे न बघता टाकीकडे गेले. "रंग पुन्हा मारशील रे. हे पाणी रोज पत्रा खातंय त्याचं काय? टाकी खालूनच जाते, आणि जाताना सांगून जात नाही." अंगावर काटा आला, कारण ब्लास्टिंगचा, म्हणजे हवेच्या माऱ्याने गंज काढणारा, मुलगा त्याच टाकीपासून चार फुटांवर उभा असतो. आधी अल्ट्रासॉनिकने तळाच्या पत्र्याची जाडी मोजून घेतली. सुदैवाने ठीक निघाली. तुमची टाकी जुनी असेल तर ऑटो ड्रेनचा, म्हणजे साचलेलं पाणी आपोआप सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, विचार नंतर करा, आधी जाडी तपासा.

आता ड्रेन कुठला घ्यायचा? फ्लोटवाल्यात पाणी चढलं की आतला तरंगता गोळा वर उचलला जाऊन वाट उघडते, त्याला वीज लागत नाही, हवाही वाया जात नाही. पण जुन्या टाकीतून गंजाचा आणि तेलाचा चिखल येतो, त्यात फ्लोट अडकतो. शिवाय पाणी आपोआप उतरेल इतकी जागा त्याला टाकीखाली लागते, ती आमच्याकडे नव्हती. पाण्याची पातळी ओळखून तेवढंच पाणी सोडणारा सेन्सरवाला उत्तम, पण माझ्या बजेटच्या कितीतरी पट. उरला टायमरवाला सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेच्या कॉइलने उघडणारा. त्यावर दोन नॉब असतात. एक दर किती मिनिटांनी उघडायचं ते ठरवतो, दुसरा किती सेकंद उघडं ठेवायचं ते. सातपूरच्या एका दुकानातून अर्धा इंची, 230 व्होल्टचा घेतला आणि सोबत वाय स्ट्रेनर, म्हणजे गंज-कचरा अडवणारी जाळी. दुकानदार म्हणाला स्ट्रेनर नसला तरी चालतं. ते ऐकलं नाही हे बरं झालं.

बसवण्याचं काम रविवारी केलं. मेन स्विच बंद, टाकीतली सगळी हवा बाहेर, गेजचा काटा शून्यावर, त्यानंतरच पाइप पान्हा लावला. जुना कॉक निघाला तसा वाटीभर चिखल खाली पडला, काकवीसारखा दाट आणि काळपट तांबडा. तो कापडाने पुसत मी बराच वेळ तिथेच बसलो होतो. खालून एल्बो आणि निपल लावून लाइन भिंतीपासून लांब, पुढच्या बाजूला काढली. तिथे टी टाकला. एका तोंडाला हाताचा बॉल व्हॉल्व्ह, दुसऱ्याला आधी लाइन बंद करण्यासाठीचा बॉल व्हॉल्व्ह, मग स्ट्रेनर, मग टायमर. हाताचा व्हॉल्व्ह काढून टाकू नका, वीज गेली किंवा टायमर बिघडला तर तोच कामाला येतो. व्हॉल्व्हवरच्या बाणाची दिशा बघा आणि कॉइल उभी ठेवा. टेफ्लॉन टेप गुंडाळताना पुढचा एक आटा मोकळा सोडा. टेपचा तुकडा व्हॉल्व्हच्या आत, तो जिथे टेकून बंद होतो तिथे, जाऊन बसला की व्हॉल्व्ह कायम फुसफुसत राहतो.

पाइपाचं काम दोन तासांत झालं. विजेच्या कामाने मात्र दोन आठवडे खाल्ले.

थ्री फेज मोटरच्या स्टार्टरमध्ये तीन फेज येतात, न्यूट्रल येतेच असं नाही. आमच्याकडे नव्हती, कारण स्टार्टरची कॉइलसुद्धा 415 व्होल्टचीच. वायरमनने स्टार्टरमधून दोन वायरी काढल्या आणि टायमरला जोडल्या. दोन्ही फेज होत्या. स्विच टाकला, टायमरचा दिवा क्षणभर लख्ख पेटला आणि जळक्या इनॅमलचा वास सुटला. 230 च्या कॉइलवर 415 गेले होते. नवा टायमर आणावा लागला. तुमचा वायरमन कितीही जुना असो, जोडण्याआधी त्या दोन वायरींवर मीटर लावून आकडा स्वतः वाचा.

दुसऱ्या वेळी डीबीतून, म्हणजे वीज वाटपाच्या बोर्डातून, न्यूट्रल आणि अर्थिंग वेगळी ओढली, पण फेज घेतली स्टार्टरमधल्या मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या खालून, मोटरच्या बाजूने. विचार असा की मोटर चालेल तेव्हाच ड्रेन चालेल. टेस्टचं बटण दाबलं, फुस्स करून पाणी आलं, सगळे खूश. तीन दिवसांनी कागदावर पुन्हा ठिपके. व्हॉल्व्ह ठीक, स्ट्रेनर स्वच्छ, दिवाही लागतोय. शेवटी घड्याळ घेऊन कॉम्प्रेसरसमोर स्टूल टाकून बसलो. मोटर सहा मिनिटं चालली, टाकी भरली, प्रेशर स्विचने मोटर बंद केली. टायमरचा दिवाही तिच्यासोबत विझला. थोड्या वेळाने मोटर पुन्हा सुरू, दिवा पुन्हा चालू. आमचा टायमर वीज आली की आधी थांबायची वेळ मोजतो. ती मी 20 मिनिटांवर ठेवली होती आणि मोटर एका दमात 20 मिनिटं कधी चालतच नव्हती. दर वेळी मोजणी पहिल्यापासून. तीन दिवसांत तो स्वतःहून एकदाही उघडला नव्हता.

मग फेज मेन स्विचच्या लगेच पुढून, स्टार्टरच्या आधी घेतली आणि मध्ये एक छोटा एमसीबी टाकला. आता मेन स्विच चालू आहे तोवर टायमर मोजत राहतो, मोटर चालू असो की बंद. संध्याकाळी मेन स्विच पाडला की दोन्ही थांबतं. टायमरला थेट कायमची वीज देऊ नका. तो रात्रभर हवा सोडत राहील, आणि मेन स्विच चुकून चालू राहिला तर प्रेशर उतरलं की मोटर सुरू होईल आणि बंद वर्कशॉपात कॉम्प्रेसर चालत बसेल.

वेळ किती ठेवायची ते डोळ्यांनी ठरवलं. पाणी संपून कोरडी हवा येऊ लागली की सेकंद जास्त झाले. पावसाळ्यात दर 15 मिनिटांना 3 सेकंद जमलं. एका वेळी कटिंग चहाच्या ग्लासाइतकं पाणी निघतं आणि गेजचा काटा जेमतेम हलतो. सुटणारी नळी घट्ट क्लॅम्प करा, नाहीतर प्रेशरने ती सापासारखी फटके मारते. आम्ही ती झाकणाच्या कॅनमध्ये सोडली आहे, झाकणाला हवेसाठी भोकं पाडून. पाणी ताकासारखं पांढुरकं येतं, कारण त्यात कॉम्प्रेसरचं तेल मिसळलेलं असतं. ते गटारात सोडत नाही. चार दिवस कॅन तसाच ठेवला की तेलाचा थर बराचसा वर येतो, तो काढून जळक्या ऑइलच्या ड्रममध्ये टाकतो.

एवढ्याने हवा पूर्ण कोरडी होत नाही, हेही सांगायला हवं. टाकीतलं साचलेलं पाणी जातं, वाफ पुढे जातेच. म्हणून पेंटिंग बूथकडची लाइन मुख्य पाइपाच्या वरच्या अंगाने काढली, शेवटाला खाली उतरणारा पाइप आणि कॉक लावला, गनच्या आधी फिल्टर बसवला. मग कागद कोरडा राहिला. निफाडचा सांगाडा त्यानंतरच पुन्हा रंगवला.

स्ट्रेनर दर शनिवारी उघडतो. पहिल्या महिन्यात जाळीवर चमचाभर गंजाच्या खपल्या निघायच्या, आता चिमूटभर निघतात. हे काम तोच हेल्पर करतो, आता उभ्या उभ्या. टायमरच्या नॉबशेजारी त्याने मार्करने दोन रेघा मारून ठेवल्या आहेत. 15 वर 'पाऊस' आणि 40 वर 'थंडी'.