पळण्याला मुद्गल आणि पर्वतीची जोड : आठवडा आठवा

मंडळी, काल आठ आठवडे पूर्ण झाले. आधीचं थोडक्यात सांगतो, तीन वर्षं मी रोज सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर ५ किलोमीटर पळत होतो, आठवड्यातले सहा दिवस, तोच रस्ता, तोच वेग, ३३ मिनिटं, आणि शेवटच्या वर्षात त्यात काहीच फरक पडला नव्हता. दम भरपूर होता पण सिलेंडर हलवला की कंबर धरायची आणि माळ्यावरचा डबा काढताना डावा खांदा अडकायचा. पळताना आपण फक्त पुढे जातो ना, वळणं, वाकणं, डोक्यावर काही नेणं यातलं काहीच होत नाही.

आता आठवडा असा लावलाय, सोमवार-गुरुवार पळणं, मंगळवार-शुक्रवार मुद्गल (तालमीत खांद्यामागून फिरवतात तो जाड टोकाचा लाकडी सोटा) आणि बैठका, बुधवारी पर्वतीच्या पायऱ्या, शनिवारी सूर्यनमस्कार, रविवारी सुट्टी. सगळं एकदम सुरू नाही केलं, पहिले दोन आठवडे फक्त पर्वती, मग मुद्गल, मग बाकीचं, कारण एकदम चार गोष्टी धरल्या तर कुठलं दुखणं कशामुळे आलं ते कळत नाही.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या. पहिल्या बुधवारी पाच फेऱ्या केल्या, चढताना काहीच वाटलं नाही, आणि शुक्रवारी घरचा जिना उतरताना कठडा धरावा लागला. त्रास उतरण्याचा असतो, उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच वजन पेलत असतो, त्याला ती सवय नव्हती. दुसऱ्या आठवड्यात तेवढ्याच फेऱ्यांना निम्मंही दुखलं नाही. आता आठ होतात, आणि उतरताना घाई अजिबात करत नाही.

पण खरा आनंद दिला तो मुद्गलाने. घराजवळच्या तालमीत जातो, वस्तादांनी पहिल्या दिवशी ३ किलोचा दिला, मला वाटलं एवढासाच? दहा हातांत, म्हणजे दहा वेळा फिरवण्यात, खांदे पेटले. डंबेलचं वजन मुठीत असतं, मुद्गलाचं सगळं वजन मुठीपासून लांब त्या जाड टोकाला, त्यामुळे ३ किलो सुद्धा मनगटाला भरपूर होतात. मी सुरुवातीला ताकद लावून फिरवत होतो. वस्ताद मागे येऊन उभे राहिले, माझं डावं कोपर धरून वर छताकडे केलं आणि म्हणाले, "ओढू नको रे, पडू दे त्याला, तू फक्त वाट दे." पुढच्या हाताला मुद्गल पाठीमागे सरळ लोंबला, बनियनला हलकंसं घासून एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे गेला आणि आपसूक पुढे आला, तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून मी तो आवाजच ऐकतो, लाकूड पाठीला घासून गेलं म्हणजे हात बरोबर, आवाज नाही आला म्हणजे कोपर खाली पडलंय. सध्या ४ किलो, दोन्ही बाजूंना २० हात, असे चार सेट. आणि घरी करणार असाल तर आधी वर पंखा आणि ट्यूबलाइट बघा, गच्ची सगळ्यात बरी.

सूर्यनमस्कार २४ घालतो. आजोबा साताऱ्याकडचे, ते आकडे मोजायचेच नाहीत, ॐ मित्राय नमः पासून भास्कराय नमः पर्यंत बारा नावं, प्रत्येक नमस्काराला एक. मीही तसंच धरलंय, नाव म्हणायचं म्हणजे श्वास आपोआप हळू होतो आणि मोजणी चुकत नाही.

बैठकांचं विशेष काही नाही, ६० होतात, टाचा अजून उचलल्या जातात.

आता आकडे. पळणं सहा दिवसांवरून दोन दिवसांवर आलं तरी परवाच्या गुरुवारी ५ किलोमीटर ३१ मिनिटं २० सेकंदात झाले, तळजाईच्या शेवटच्या चढाला पहिल्यांदाच वेग कमी करावा लागला नाही, ही मला पर्वतीची कमाई वाटते. आणि गेल्या रविवारी माळ्यावरून पापडाचा डबा डाव्या हाताने काढला, आईच्या लक्षातही आलं नाही पण मी दोनदा ठेवून दोनदा काढला.

पुढच्या महिन्यात जोडी सुरू करायचा विचार आहे, दोन्ही हातांत एकेक. ज्यांनी जोडी फिरवलीय त्यांनी सांगा, एकेरी ४ किलोवाल्याने जोडीला २ किलोपासून सुरुवात करावी की ३? वस्ताद २ म्हणतायत.