सायकलसाठी दीड मीटर रस्ता मिळवताना : माझा अनुभव

पहिलंच सांगून टाकते, आम्ही सायकलिंग क्लबवाले नाही. रविवारी पहाटे उठून शंभर किलोमीटर वगैरे आमच्यातलं कोणी करत नाही. कामावर जाणारे, पोरांना शाळेत सोडणारे, हँडलला पिशव्या अडकवून येणारे असे सगळे. आणि रस्त्याचं काम निघालं की नेमका ह्यांचाच विचार होत नाही, कारण दुपारी साडेतीनच्या मीटिंगला यायला ह्यांना कोण सुट्टी देणार.

सुरुवात सगळे करतात तशीच झाली, म्हणजे रॅली. बॅनर, टीशर्ट, फुगे, फोटो. साहेबांनी झेंडा दाखवला, पर्यावरणावर बोलले आणि गाडीत बसून गेले. रस्ता होता तसाच राहिला. रॅलीने काहीच होत नाही असं नाही म्हणत मी, नेदरलँड्समध्ये सत्तरच्या दशकात लोक रस्त्यावर उतरले म्हणूनच चित्र बदललं, पण त्यांची मागणी सरळ होती. १९७१ मध्ये तिथे रस्त्यावर तीन हजारांवर माणसं गेली, त्यात चारशेच्या वर लहान मुलं, आणि आईबाप म्हणत होते की आमची पोरं मारणं थांबवा. आमच्या बॅनरवर होतं ‘सायकल चालवा, निरोगी राहा’. त्यावर पालिकेने काय करायचं हो? आम्हालाच सांगितलंय ना, चालवा म्हणून.

मग एका काकांनी मीटिंगमध्ये विषय काढला तो जाळीचा. रस्त्याच्या कडेला पावसाचं पाणी जायला लोखंडी जाळी असते, तिचे गज आमच्या रस्त्यावर वाहतुकीच्या दिशेने उभे टाकलेले होते. गजांमधल्या फटीत सायकलचं बारीक चाक बरोब्बर जातं, म्हणजे पुढचं चाक अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे. तीच जाळी फिरवून आडवी बसवली की विषय संपला. आम्ही प्रत्येक जाळीवर पट्टी ठेवून फोटो काढले, एकीत सायकलचं चाकच उभं करून दाखवलं, जाळ्यांना नंबर दिले आणि एका पानाचं निवेदन केलं. भाषण नाही, पर्यावरण नाही, फक्त नंबर, जागा, फटीचं माप आणि काय करायचं ते. दोन प्रती, एकीवर पोच, इनवर्ड नंबर पाठ. मेन्टेनन्सवाल्यांना हे एकदम आवडलं कारण ह्याला टेंडर लागत नाही, वरची सही लागत नाही, गँग पाठवली की झालं. काही जाळ्या चौकोनी होत्या त्या नुसत्या फिरवल्या, बाकीच्यांवर आडव्या पट्ट्या वेल्ड केल्या.

ह्या कामाने आम्हाला ऑफिसात तोंडओळख मिळाली आणि ती पुढे जाम उपयोगी पडली. पुढच्या वेळी गेलो तर शिपाईसुद्धा म्हणाला, ‘जाळीवाले आले’.

आता मुख्य रस्ता. तिथे आम्हाला सायकलसाठी वेगळी लेन हवी होती, आणि पालिकेचं उत्तर ठरलेलं, ‘मॅडम, ह्या रस्त्यावर सायकली आहेतच कुठे, आमच्या सर्व्हेत नाहीत’. सर्व्हे कधी केला विचारलं तर सकाळी दहा ते बारा. अहो पण सायकलवर कामाला जाणारा माणूस सहा-साडेसहालाच गेलेला असतो आणि येतो शिफ्ट सुटल्यावर! मग आम्ही स्वतः मोजायला बसलो, पहाटे आणि संध्याकाळी, आठवड्याचे वेगवेगळे वार धरून, आणि फक्त आकडा नाही तर बाई की पुरुष, मागे मूल आहे का, रस्त्यावरून जातोय की घाबरून फुटपाथवर चढलाय हेसुद्धा. बायकांचा रकाना बघण्यासारखा होता, आतल्या गल्ल्यांत भरपूर आणि मुख्य रस्त्यावर जवळजवळ रिकामा. माझ्या मते एखादा रस्ता सायकलला धड आहे की नाही हे कळायला तो एक रकाना पुरेसा आहे. ‘आधी सायकली वाढू द्या, मग लेन बघू’ म्हणणाऱ्यांना आम्ही सेव्हिलचं उदाहरण दिलं. स्पेनमधलं हे शहर, तिथे आधी सायकली नावालाच होत्या, २००६ नंतर थोड्याच वर्षांत शंभरावर किलोमीटरचं सलग जोडलेलं जाळं बांधलं आणि मग सायकली कित्येक पटींनी वाढल्या. तुकड्या-तुकड्यांत बांधलं असतं तर हे झालं नसतं, ते एकमेकांना जोडलेलं होतं हेच महत्त्वाचं.

पण सायकलींचा आकडा दाखवून जागा मिळत नाही, जागा टेपने मिळते. रस्त्याला एका बाजूला दोन लेन, प्रत्येकी साडेतीन मीटरच्या, आणि कडेला पाऊण मीटरची पट्टी, जिच्यात वाळू आणि काचा सोडून काही नसतं. शहरातल्या वेगाला तीन मीटरची लेन चालते, म्हणून आम्ही दोन्ही लेन तीनच्या करा म्हणालो. ज्युनिअर इंजिनिअर म्हणाला बसचं काय, तिची बॉडीच अडीच मीटरची, वर आरसे. त्याचं बरोबर होतं. मग बसची लेन सव्वातीनची आणि आतली तीनची असं ठरलं, म्हणजे सातातले सव्वासहा गेले, राहिला पाऊण, त्यात कडेचा पाऊण मिळवला की दीड मीटर. एका सायकलला डुलायला धरून साधारण मीटरभर लागतो, म्हणजे दीडमध्ये एक माणूस निवांत जातो, ओव्हरटेकला मात्र कमीच. आम्हाला दोन हवे होते. घेतले दीड.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे टायमिंग, हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. रस्त्यावर नवं डांबर पडलं की पांढरे पट्टे तसेही नव्याने मारावेच लागतात, तेव्हा पट्टे थोडे सरकवून मारले तर जास्तीचा खर्च जवळपास शून्य. तेच एकदा पट्टे मारून झाले की पुढची कित्येक वर्षं ‘फंड नाही’. म्हणून रिसर्फेसिंगची यादी कधी निघते, त्यात आपला रस्ता आहे का आणि पट्ट्यांचा नकाशा कोणाच्या टेबलावर मंजूर होतो हे आधी शोधा. आमच्या नकाशावर सही झाली ती डांबराच्या गाड्या यायच्या अगदी तोंडावर.

मध्ये एक जनसुनावणी झाली, तिच्याबद्दल फार लिहीत नाही, दुकानदार चिडले होते की पार्किंग जाणार. आमच्यातल्या एका ताईने दिवसभर उभ्या असलेल्या गाड्यांची नोंद आधीच ठेवली होती, त्यात बऱ्याच गाड्या सकाळी येऊन रात्री जाणाऱ्या निघाल्या, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नव्हत्याच. ती भांडली नाही, नुसता कागद पुढे केला. शेवटी माल उतरवायला बाजूच्या गल्लीत जागा आखून द्यायची ठरली आणि आवाज खाली आला. एक आजोबा वेगाबद्दल बोलले ते मात्र लक्षात राहिलं, पन्नासने येणाऱ्या गाडीचा दणका तीसवाल्या गाडीच्या जवळपास पावणेतीन पट असतो, वेगाचा वर्ग होतो म्हणून. ३०ची मर्यादा आम्ही निवेदनात घातलीच होती, रस्ते सुरक्षेवरच्या २०२०च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याचा हवाला देऊन, ती काही मिळाली नाही.

पट्टे मारायच्या रात्री आमच्यातले काहीजण जाऊन उभे राहिले आणि बरं झालं गेलो, कारण कंत्राटदाराच्या माणसांकडे जुनाच नकाशा होता. सुपरवायझर म्हणे मला हाच दिलाय. सही झालेल्या नकाशाची झेरॉक्स आमच्याकडे होती, इंजिनिअरला फोन लावला, तो झोपेतून उठून बोलला, मग दोरी उचलून पुन्हा धरली.

लेन झाली, दुसऱ्या दिवशी तिच्यात गाड्या उभ्या. नुसत्या रंगाला कोणी जुमानत नाही हे माहीतच होतं, म्हणून फ्लेक्सिबल बोलार्डची, म्हणजे लेनच्या कडेला लावायच्या लवचिक खांबांची, मागणी लेनच्या पहिल्या निवेदनातच होती, ते नंतर शाळेच्या पट्ट्यात बसले आणि तेवढ्याच पट्ट्यात लेन मोकळी असते. बाकी ठिकाणी अजून शिव्या घालत बाहेरून जावं लागतं. त्यातले काही बोलार्ड गाड्यांनी आडवे केलेत, त्यांची नंबरवार यादी आम्ही दर महिन्याला देतो.

सध्या घोडं अडलंय चौकात. लेन चौकाच्या थोडी आधीच संपते, म्हणजे नेमकी जिथे वळणारी गाडी सायकलवर येते तिथेच. सिग्नलला सायकलींसाठी गाड्यांच्या पुढे थांबायची चौकट आणि वळणाचा कोपरा आवळून गाड्यांना हळू वळायला लावणं, असं दोन्ही मागितलंय. सिग्नलवाले म्हणतात रस्तेवाल्यांना विचारा, रस्तेवाले म्हणतात सिग्नलवाल्यांना. दोघांना एकाच दिवशी, एकाच वेळी चौकात बोलावणारं पत्र परवाच इनवर्ड केलंय, आणि वेळ मुद्दाम सकाळी साडेसहाची दिलीये.